योहानेस हेवेलियस

योहानेस हेवेलियस (जन्म: २८ जानेवारी १६११, मृत्यू: २८ जानेवारी १६८७) हे पोलंड-लिथुएनिया राष्ट्रकुलातील ग्दान्स्क या बंदराच्या शहरातील खगोलशास्त्रज्ञ, बिअर-उत्पादक आणि नगरपरिषदेचे सदस्य होते. चंद्राच्या पृष्ठभागाचा पहिला तपशीलवार नकाशासंग्रह त्यांनी प्रसिद्ध केला. त्यांनी आखलेली सात तारकामंडळे आजही अधिकृत यादीत आहेत. दुर्बीण प्रचारात आल्यानंतरही ताऱ्यांची स्थाने नुसत्या डोळ्यांनी मोजणारे ते अखेरचे मोठे निरीक्षक मानले जातात.

हेवेलियस हे त्यांच्या आडनावाचे लॅटिन रूप आहे. जर्मन भाषेत त्यांना हेवेल, तर पोलिश भाषेत यान हेवेलियुश म्हणतात. ते जर्मन भाषक प्रॉटेस्टंट होते आणि पोलंडच्या राजाचे प्रजाजन होते. त्या काळच्या ग्दान्स्कमध्ये या दोन गोष्टींत कोणालाही विसंगती वाटत नसे. पुढील शतकांत मात्र ते जर्मन की पोलिश, यावर बराच वाद घातला गेला.

शहर आणि घराणे

सतराव्या शतकात ग्दान्स्क हे बाल्टिक समुद्रावरील सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एक होते. पोलंडच्या अंतर्भागातील धान्य विस्तुला नदीतून तराफ्यांवरून येथे येई, कोठारांत साठवले जाई आणि जहाजांनी नेदरलँड्सपर्यंत जाई. शहर पोलंडच्या राजसत्तेखाली असले, तरी त्याला मोठी स्वायत्तता होती. धान्याच्या या सुबत्तेवर बिअरचा धंदाही पोसला गेला होता. ग्दान्स्कची योपेन नावाची बिअर काळसर, गोड आणि काकवीसारखी दाट असे. ती दूरदूर निर्यात होई आणि स्वयंपाकातही चवीसाठी वापरली जाई. सेंट मेरी चर्चजवळच्या एका रस्त्याला या बिअरवरूनच नाव मिळाले होते. १९४५ नंतर त्याचे नामकरण पिव्ना, म्हणजे बिअरचा रस्ता, असे झाले.

हेवेलियस यांचे वडील आब्राहाम हे याच धंद्यातील सधन व्यापारी होते. मुलाने पोलिश भाषा शिकावी म्हणून त्यांनी त्याला लहानपणी काही काळ गोंदेच या गावी पाठवले. व्यापाऱ्याच्या मुलाला ती भाषा येणे आवश्यक होते. ग्दान्स्कच्या विद्यालयात हेवेलियस यांना पेटर क्रुगर हे गणितज्ञ शिक्षक म्हणून लाभले. वेध घेणे, उपकरणे बनवणे आणि ताम्रपटांवर कोरीव काम करणे यांची गोडी त्यांना येथेच लागली. १६३० मध्ये ते कायद्याच्या अभ्यासासाठी लायडनला गेले. त्यानंतर इंग्लंड आणि फ्रान्समध्ये प्रवास करून १६३४ मध्ये ते घरी परतले.

१६३५ मध्ये त्यांचा विवाह शेजारच्या घरातील काटारिना रेबेश्के हिच्याशी झाला. तिच्याकडून आलेली दोन घरे शेजारीच असल्याने पुढील वेधशाळेला जागा मिळाली. १६३६ मध्ये ते बिअर-उत्पादकांच्या व्यावसायिक संघाचे सभासद झाले आणि १६४३ पासून त्यांनी त्याचे नेतृत्व केले. खगोलशास्त्राकडे ते पूर्णपणे वळले ते १६३९ मध्ये. मरणासन्न क्रुगर यांनी आपल्या शिष्याला या शास्त्राकडे दुर्लक्ष न करण्याची विनंती केली होती. त्याच वर्षी १ जूनला झालेल्या सूर्यग्रहणाचे वेध हेवेलियस यांनी घेतले.

छपरावरील वेधशाळा

१६४१ पासून त्यांनी आपल्या तीन जोडलेल्या घरांच्या छपरांवर वेधशाळा उभारली. वर विस्तीर्ण लाकडी मंच होता आणि त्यावर दोन लहान खोल्या होत्या. त्यांपैकी एक सर्व दिशांना फिरवता येई. खाली बिअर तयार होई आणि तिच्या उत्पन्नातून वरची यंत्रे उभी राहत. पॅरिस आणि ग्रिनिच येथील राजाश्रयी वेधशाळा स्थापन होण्यापूर्वी यूरोपात या तोडीची वेधशाळा क्वचितच होती, आणि ही तर एका व्यापाऱ्याने स्वखर्चाने उभारलेली होती.

त्या काळच्या साध्या भिंगांतून दिसणाऱ्या प्रतिमेभोवती रंगीत कडा उमटत असत. हा दोष कमी करण्याचा मार्ग म्हणजे फार लांब केंद्रांतराची भिंगे वापरणे. त्यामुळे हेवेलियस यांच्या दुर्बिणी लांबच लांब होत गेल्या. त्यांतील सर्वांत मोठी सुमारे ४५ मीटर लांबीची होती. तिला शहराबाहेर उंच खांब रोवून दोरखंडांनी टांगावे लागले. वाऱ्याने ती हेलकावत असे आणि ओलाव्याने दोर आखडत, त्यामुळे देखाव्याच्या मानाने तिचा उपयोग फारसा झाला नाही.

चंद्राच्या अनेक वर्षांच्या निरीक्षणांतून १६४७ मध्ये त्यांचा सेलेनोग्राफिया हा ग्रंथ सिद्ध झाला. त्यातील चित्रे त्यांनी स्वतः ताम्रपटांवर कोरली. चंद्राच्या वेगवेगळ्या कला, त्याचे किंचित डोलणे आणि त्यामुळे कडेला दिसणारा अधिकचा भाग यांची त्यांनी नोंद केली. चंद्रावरील ठिकाणांना त्यांनी पृथ्वीवरील भूगोलातील नावे दिली. त्यांतील बहुतेक मागे पडली, परंतु आल्प्स आणि अपेनाइन्स ही पर्वतांची नावे टिकली. १६६१ मध्ये त्यांनी बुधाचे सूर्यबिंबावरून होणारे अधिक्रमण पाहिले. तिमिंगल मंडळातील तेज बदलणाऱ्या ताऱ्याला मीरा हे नाव रूढ करण्याचे श्रेयही त्यांनाच जाते.

१६६० मध्ये शहराजवळ ओलिवा येथे स्वीडनशी तहाच्या वाटाघाटी चालू असताना पोलंडची राणी मारी लुईझ हिने वेधशाळेस भेट दिली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने त्यांना वर्षासन दिले. १६६४ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. पुढे राजा यान तिसरा सोबिएस्की हा त्यांचा प्रमुख आश्रयदाता झाला. त्याने दिलेली सवलत त्यांच्या दोन्ही उद्योगांना शोभणारी होती: बिअरवरील करातून सूट आणि ती शहराच्या हद्दीबाहेर विकण्याची परवानगी.

नुसत्या डोळ्यांचा वाद

चंद्र आणि ग्रह पाहण्यासाठी हेवेलियस दुर्बीण वापरत. ताऱ्यांची स्थाने मोजताना मात्र ते तुरीय यंत्र आणि षडंश यंत्र ही पितळी उपकरणे उघड्या फटींमधून रोखत. यंत्राला दुर्बीण जोडली, तर भिंगांची जागा ढळून माप चुकेल, अशी शंका त्यांना होती. इंग्लंडमधील रॉबर्ट हूक यांना हे मान्य नव्हते. मानवी डोळ्याला फार सूक्ष्म कोन ओळखताच येत नाही, म्हणून ग्दान्स्कची मापे विश्वासार्ह असू शकत नाहीत, असे त्यांनी १६७४ मध्ये जाहीरपणे मांडले. हेवेलियस यांच्या साऱ्या आयुष्याच्या कामावरच हा आक्षेप होता.

२६ मे १६७९ रोजी तरुण एडमंड हॅली ग्दान्स्कला पोहोचले. ते सुमारे दोन महिने राहिले आणि छपरावर रात्रीमागून रात्री हेवेलियस यांच्यासोबत वेध घेत राहिले. पुन्हा पुन्हा घेतलेली मापे आश्चर्यकारकरीत्या जुळत असल्याचे त्यांनी लेखी मान्य केले. त्या घडीला हेवेलियस खरे ठरले. भविष्य मात्र हूक यांच्या बाजूने होते. एका पिढीनंतर ग्रिनिचच्या जॉन फ्लॅमस्टीड यांच्या दुर्बिणीच्या मापांनी ही पद्धत कायमची मागे टाकली.

आग

हॅली गेल्यानंतर काही आठवड्यांतच, २६ सप्टेंबर १६७९ रोजी, हेवेलियस शहराबाहेर असताना घराला आग लागली. तबेल्यात राहिलेली जळती मेणबत्ती हे तिचे कारण सांगितले जाते. वेधशाळा, सर्व यंत्रे, घरचा छापखाना आणि ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. नुकत्याच छापलेल्या माखिना कोएलेस्टिस या ग्रंथाच्या दुसऱ्या भागाच्या बहुतेक प्रतीही जळाल्या. ताऱ्यांच्या सूचीचे हस्तलिखित मात्र वाचले. हेवेलियस यांनी केप्लर यांच्या वारसाकडून मिळवलेली केप्लर यांची हस्तलिखितेही बचावली.

त्या वेळी त्यांचे वय ६८ वर्षे होते. त्यांनी वेधशाळा लहान प्रमाणात पुन्हा बांधली आणि डिसेंबर १६८० चा मोठा धूमकेतू तेथूनच पाहिला. जळून गेलेल्या यंत्राची आठवण म्हणून त्यांनी आकाशात षडंश हे मंडळ आखले. व्हिएन्नाच्या लढाईतील सोबिएस्कीच्या विजयानंतर त्याच्या सन्मानार्थ त्यांनी ढाल हे मंडळ योजले. लघुसिंह, गवय, सरठ, जंबुक आणि श्यामशबल ही त्यांची अन्य मंडळे होत. यांतील श्यामशबल हे मराठी नाव यमाच्या दोन कुत्र्यांवरून आले आहे. हेवेलियस यांनीही तेथे दोन शिकारी कुत्रेच कल्पिले होते.

एलिझाबेथ कोपमान

पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये हेवेलियस यांनी व्यापारी कुटुंबातील एलिझाबेथ कोपमान हिच्याशी विवाह केला. ती त्यांच्याहून ३६ वर्षांनी लहान होती. मोठे षडंश यंत्र चालवण्यास दोन माणसे लागत. दुसऱ्या बाजूला बहुधा एलिझाबेथ असे. यंत्रावर काम करणाऱ्या या पती-पत्नीचे चित्र १६७३ च्या ग्रंथात छापलेले आहे.

हेवेलियस यांचे आपल्या ७६ व्या वाढदिवशीच निधन झाले, तेव्हा सूची अप्रकाशित होती. ती एलिझाबेथने पूर्णत्वास नेली. १६९० मध्ये १,५०० हून अधिक ताऱ्यांची सूची आणि ५६ पत्रांचा आकाशाचा नकाशासंग्रह तिने प्रसिद्ध करून सोबिएस्कीला अर्पण केला. तिचे निधन १६९३ मध्ये झाले. १२६२५ कोपमान या लघुग्रहाला तिचे नाव आहे.

स्मृती

हेवेलियस यांची समाधी ग्दान्स्कच्या सेंट कॅथरिन चर्चमध्ये आहे. जुन्या नगरभवनासमोर आकाशाकडे पाहणारा त्यांचा पुतळा असून चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे. आगीतून वाचलेले सूचीचे हस्तलिखित आज अमेरिकेतील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. २०११ हे वर्ष पोलंडच्या संसदेने हेवेलियस वर्ष म्हणून घोषित केले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये अवकाशात सोडलेल्या, ताऱ्यांच्या तेजातील बदल मोजणाऱ्या एका लहान पोलिश उपग्रहाचे नावही हेवेलियुश आहे.