बंदुकीची दारू आणि जिभेखालची गोळी

आल्फ्रेड नोबेल हे नाव दरवर्षी ऑक्टोबरात वर्तमानपत्रांत येते आणि त्याच्या मागोमाग डायनामाइट हा शब्दही येतो. डायनामाइटने त्यांना पैसा मिळवून दिला हे खरेच आहे. मात्र त्यांना राहते शहर सोडायला लावले, ओळखीच्या शास्त्रज्ञांविरुद्ध कोर्टात उभे केले आणि शेवटची वर्षे कडवट केली ती दुसऱ्याच एका वस्तूने. ती वस्तू म्हणजे लहान नळीच्या रायफलीच्या काडतुसात भरायची दारू. त्या दारूतला एक घटक आज हृदयरोगाचे औषध म्हणून दवाखान्यात असतो, म्हणून हा विषय आरोग्याच्या सदरात.

नोबेल यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८३३ चा, स्टॉकहोममधला. वडील इमॅन्युएल कल्पक, पण व्यवहारात बुडालेले. त्यांनी रशियात जाऊन नशीब काढले आणि मागाहून कुटुंबही सेंट पीटर्सबर्गला गेले. आल्फ्रेड लहानपणापासून किरकोळ प्रकृतीचा. शाळेपेक्षा घरच्या शिक्षकांकडेच त्याचे शिक्षण झाले आणि रसायनशास्त्राबरोबर चार-पाच भाषाही पक्क्या झाल्या. तरुणपणी तो पॅरिसला पेलूझ या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत काही काळ राहिला. याच पेलूझचा आधीचा एक विद्यार्थी म्हणजे इटलीचा अस्कानिओ सोब्रेरो. त्याने १८४७ मध्ये नायट्रोग्लिसरीन तयार केले होते.

सोब्रेरोने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे नवा पदार्थ जिभेला लावून पाहिला आणि त्याचे डोके भयंकर ठणकू लागले. ही नोंद त्याने प्रामाणिकपणे करून ठेवली. डोकेदुखीचे कारण रक्तवाहिन्या सैल पडून रुंदावणे हे होते, पण ते तेव्हा कोणाला कळणार? या द्रवाच्या स्फोटाची मात्र त्याला धास्ती बसली. नोबेल कुटुंबाला त्या धास्तीत धंदा दिसला.

त्याची किंमतही लगेच मोजावी लागली. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोममधल्या हेलेनेबोर्ग येथे त्यांच्या शेडचा स्फोट झाला आणि त्यात आल्फ्रेडचा धाकटा भाऊ एमिल इतर काही जणांसह गेला. आल्फ्रेडने काम थांबवले नाही. सच्छिद्र मातीत हे तेल जिरवून त्याने १८६७ मध्ये डायनामाइटचे पेटंट घेतले. पुढचा भाग सर्वश्रुत आहे: बोगदे, कालवे, खाणी, अनेक देशांत कारखाने आणि एकूण ३५५ पेटंटे.

आता दारूकडे वळू. शतकानुशतके बंदुकीत सोरा, गंधक आणि कोळसा यांची काळी दारू भरत. (इंग्रजांना त्यासाठी लागणारा सोरा मोठ्या प्रमाणावर बिहारमधून जाई.) ही दारू जळली की निम्म्याहून जास्त भाग घनरूप उरतो. त्यातला काही धूर होऊन शिपायाच्या डोळ्यांपुढे पडदा धरतो, उरलेला नळीत काजळीसारखा बसतो. अकरा मिलिमीटरच्या रुंद नळीत हे निभावून जात असे. नळी आठ मिलिमीटरवर आणली की काही फैरींतच काजळीने ती कोंदू लागे. शिवाय लहान आणि लांबट गोळीला वेग द्यायचा तर दाब एकदम चढून उपयोग नाही. गोळी नळीतून पुढे सरकत असताना मागचा दाब टिकून राहिला पाहिजे. म्हणजे प्रश्न दारू किती जोरदार आहे हा नव्हताच. ती किती सावकाश आणि किती नेमाने जळते, हा होता.

फ्रान्समध्ये पॉल व्हिए यांनी १८८४ मध्ये तो सोडवला. त्यांनी नायट्रोसेल्युलोज द्रावकात मळून त्याचा शिंगासारखा घट्ट पदार्थ बनवला आणि त्याचे पातळ तुकडे केले. असा तुकडा पृष्ठभागाकडून आत, थराथराने जळतो. म्हणून तुकड्याची जाडी आणि आकार ठरवला की जळण्याची गती ठरते. १८८६ ची लेबेल रायफल याच दारूवर बेतलेली होती. जुन्या रायफलीची गोळी सेकंदाला साधारण साडेचारशे मीटरने सुटे, हिची सहाशेच्या वर गेली. आजही परदेशातले हौशी नेमबाज घरी काडतुसे भरताना हेच पाहतात. पुंगळीत जागा किती, गोळीचे वजन किती, नळी केवढी, आणि त्याला जलद जळणारी दारू हवी की मंद. जलद दारू चुकीच्या काडतुसात गेली तर दाब नळीच्या सोसण्यापलीकडे जातो आणि बंदूक भरणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. आपल्याकडे हा उद्योग परवान्याशिवाय गुन्हा आहे आणि डॉक्टर म्हणून मला त्याचे वाईट वाटत नाही.

नोबेल तेव्हा पॅरिसला राहत आणि जवळच्या सेव्रान गावी त्यांची प्रयोगशाळा होती. १८८७ मध्ये त्यांनी स्वतःची दारू काढली, नाव बॅलिस्टाइट. नायट्रोसेल्युलोजमध्येच त्यांनी नायट्रोग्लिसरीन मुरवले. एकमेकांवर ठेवले तर अधिकच घातक होतील असे वाटणारे हे दोन पदार्थ एकजीव झाल्यावर शांतपणे जळू लागले. फ्रेंच सरकारकडे व्हिए यांची दारू होती, त्यांनी नोबेलना नकार दिला. इटलीने ती घेतली. झाले! ज्या देशाने नाकारली त्याच देशात नोबेल यांच्यावर हेरगिरीचे आरोप सुरू झाले, वृत्तपत्रांनी झोडपले, प्रयोगशाळेला टाळे लागले. १८९१ मध्ये अठरा वर्षांचे पॅरिसचे वास्तव्य संपवून ते इटलीत सान रेमोला समुद्रकाठी राहायला गेले.

दुसरा घाव इंग्लंडमधून बसला. फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्यूअर हे सरकारी समितीवरचे शास्त्रज्ञ नोबेल यांच्या ओळखीचे होते आणि नोबेल त्यांना आपल्या दारूबद्दल मोकळेपणाने माहिती देत. त्या दोघांनी नायट्रोसेल्युलोजचा थोडा वेगळा प्रकार घेऊन, त्यात व्हॅसलीन घालून कॉर्डाइट काढले आणि १८८९ मध्ये पेटंटही घेतले. नोबेल यांच्या पेटंटात विरघळणारे नायट्रोसेल्युलोज असे लिहिलेले होते, कॉर्डाइटमधले न विरघळणाऱ्या जातीचे होते. एवढ्या एका विशेषणावर खटला गेला. १८९५ मध्ये सर्वोच्च पायरीवरही नोबेल हरले. माझ्या मते त्यांच्यावर अन्याय झाला, पण कागदाची भाषा त्यांच्या बाजूची नव्हती हेही खरे.

गंमत म्हणजे जिंकलेली दारूही निर्दोष नव्हती. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन होते. ती इतकी तप्त जळे की काळ्या दारूसाठी कोरलेल्या ली-मेटफर्ड रायफलीतल्या उथळ खाचा झिजून गेल्या आणि नळीची खोदाईच बदलावी लागली. पुढे हे प्रमाण ३० टक्क्यांवर आणले. इटलीनेही ६.५ मिलिमीटरच्या रायफलीसाठी बॅलिस्टाइट सोडून दुसरी दारू घेतली, कारण तेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निलगिरीत अरुवनकाडूला जो कारखाना उभा राहिला तो याच कॉर्डाइटचा.

वेगवान लहान गोळी शरीरात काय करते याचा अभ्यास स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक थिओडोर कोखर करत होते. यकृत, मेंदू अशा पाणीदार अवयवांत दाब सर्व बाजूंना पसरतो आणि नुकसान गोळीच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठे होते, हे त्यांनी दाखवले. १९०९ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल त्यांना मिळाला तो मात्र थायरॉइडच्या कामासाठी.

या साऱ्या काळात नोबेल यांची प्रकृती ढासळत होती. डोकेदुखी जुनीच होती, आता छातीत कळा येऊ लागल्या. १८९६ च्या ऑक्टोबरात डॉक्टरांनी त्यांना जे औषध लिहून दिले ते नायट्रोग्लिसरीन होते! औषधवाले आणि रुग्ण घाबरू नयेत म्हणून त्याला ट्रायनायट्रिन म्हणतात, नशिबाची ही थट्टाच आहे, अशा अर्थाचे त्यांनी आपले सहायक रॅग्नार सोलमन यांना कळवले. विल्यम मरेल या लंडनच्या डॉक्टरांनी १८७९ मध्ये, आधी स्वतःवर प्रयोग करून, हृदयशूलात त्याचा उपयोग दाखवून दिला होता. डायनामाइटच्या कारखान्यांतले कामगार तर रोजच तो प्रयोग करत होते. आठवडाभरात त्यांच्या अंगाला सवय होई, रविवारी ती जाई आणि सोमवारी पुन्हा डोके ठणके.

१० डिसेंबर १८९६ ला सान रेमोत मेंदूतील रक्तस्रावाने नोबेल गेले. मृत्युपत्रात एक विचित्र अट होती: मृत्यूनंतर शिरा कापाव्यात, डॉक्टरांनी खात्री करावी आणि मगच दहन करावे. जिवंत पुरले जाण्याची भीती त्यांना आयुष्यभर होती. संपत्तीचा मोठा वाटा पुरस्कारांसाठी ठेवला होता, त्यात वैद्यकशास्त्रही होते. ते नाव त्यांनी उगाच घातले नव्हते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ योहान्सन यांना त्यांनी सेव्रानच्या प्रयोगशाळेत रक्तसंक्रमणाचे प्रयोग करायला बोलावले होते, आणि आईच्या नावे कॅरोलिन्स्का संस्थेला देणगीही दिली होती.

नायट्रोग्लिसरीन रक्तवाहिनीत जाऊन नेमके करते काय, हे मात्र १९७० च्या दशकापर्यंत ठाऊक नव्हते. त्यातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू सुटतो आणि तो वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल करतो. शरीर स्वतःही हाच वायू निरोप म्हणून वापरते, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल मिळाला.

औषधातली मात्रा मिलिग्रॅममध्ये असते, गोळी खिशात फुटत नाही. आपल्याकडे जिभेखाली ठेवायला बहुधा याच कुळातले आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट देतात. इथेही दारूसारखाच हिशेब आहे: कळ आली असताना जलद सुटणारे औषध जिभेखाली, रोजच्यासाठी सावकाश सुटणारे पोटात. अंगाला सवय होऊ नये म्हणून दिवसातले काही तास, बहुधा रात्रीचे, औषधाविना ठेवतात. गोळी बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून चक्कर येते. नंतर डोके दुखले तर घाबरू नये. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतले असेल तर ४८ तास ही गोळी वर्ज्य. ते घेतल्याचे डॉक्टरांना संकोच न करता सांगावे. आणि एका गोळीने पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर शेजाऱ्याच्या गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.