नेव्हिल डिसूझा : चार गोलांचे आयुष्य

चँडलर (ॲरिझोना) : शनिवारी सकाळी ऊन चढण्याआधी येथील मैदानांवर लहान मुलांच्या फुटबॉलचा सराव सुरू होतो. त्यांत आपलीही मुले पुष्कळ असतात. युरोप आणि दक्षिण अमेरिकेतील खेळाडूंची नावे त्यांना मुखोद्गत आहेत. मात्र ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये हॅटट्रिक नोंदवणारा पहिला आशियाई खेळाडू मुंबईच्या मैदानांवर घडला, हे त्यांच्या पालकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असावे. त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसूझा.

नेव्हिल यांचा जन्म ३ ऑगस्ट १९३२ रोजी गोव्यातील बार्देश तालुक्यात, आसगाव येथे झाला. गोव्यावर तेव्हा पोर्तुगीजांची सत्ता होती. उपजीविकेसाठी मुंबई गाठणाऱ्या गोमंतकीयांनी धोबीतलाव परिसरात गावोगावच्या कुडी वसवल्या आणि शहराच्या फुटबॉलला खेळाडूंचा अखंड पुरवठा केला. त्या काळी मुंबईचा फुटबॉल कंपन्यांच्या संघांवर उभा होता. खेळाडूला कंपनीत नोकरी मिळे आणि तो कूपरेजवर कंपनीच्या संघातून हार्वूड लीग व रोव्हर्स चषक खेळे. नेव्हिल यांचे नाव टाटा स्पोर्ट्स क्लबचे आघाडीचे खेळाडू म्हणून गाजले.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला होता. आपले बरेच खेळाडू तेथे थंडीत अनवाणी खेळले. त्या मानहानीनंतर बूट सक्तीचे झाले. मूळचे शिक्षक असलेले हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी संघ नव्या पद्धतीने बांधला आणि १९५६ मध्ये तो मेलबर्नला नेला. त्या संघाचे मध्य-आघाडीचे खेळाडू होते नेव्हिल. भारत व गोवा यांच्यातील संबंध त्या वर्षी कमालीचे ताणलेले होते. ज्या गावी आपण जन्मलो तेथे परकीय ध्वज फडकत असताना हा तरुण भारताच्या पोशाखात मैदानात उतरला. आसगाव भारतात आले ते त्यानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये.

हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर १९५६ रोजी उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. नेव्हिल यांनी पूर्वार्धात दोन गोल केले. ऑस्ट्रेलियाने दोन्ही वेळा बरोबरी साधली. उत्तरार्धात त्यांनी तिसरा गोल करून पुन्हा आघाडी मिळवून दिली आणि किट्टू यांच्या गोलाने ४-२ असा विजय निश्चित झाला. ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला.

उपांत्य फेरीत समोर पुन्हा युगोस्लाव्हिया उभा होता. मध्यंतरानंतर पहिला गोल नेव्हिल यांनीच केला. चार वर्षांपूर्वी दहा गोल खाल्लेला संघ आता आघाडीवर होता. ती आघाडी मात्र काही मिनिटेच टिकली आणि भारत १-४ असा हरला. पुढे कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० अशी मात केली. भारताला चौथे स्थान मिळाले. ऑलिम्पिक फुटबॉलमधील भारताची ती आजवरची सर्वोच्च कामगिरी आहे.

चार गोलांसह नेव्हिल त्या स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक ठरले. दुसरे होते युगोस्लाव्हियाचे तोदोर वेसेलिनोविच. उपांत्य सामन्यात त्यांनीही भारतावर गोल केला होता. खेळणे थांबल्यावर वेसेलिनोविच प्रशिक्षक झाले. १९८४ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी आपल्या राष्ट्रीय संघाचे मार्गदर्शन केले आणि तुर्कस्तानात फेनरबाहचे संघाला लीग विजेतेपद मिळवून दिले. नेव्हिल यांचे संघसहकारी पी. के. बॅनर्जी यांनाही कोलकात्यात प्रशिक्षक म्हणून दुसरी कारकीर्द लाभली. तेथे फुटबॉलभोवती क्लब, प्रेक्षक आणि वृत्तपत्रे यांचे एक विश्व होते. मुंबईचा खेळ कचेरीच्या हजेरीपटाशी बांधलेला होता. नेव्हिल यांच्या वाट्याला तशी गाजलेली दुसरी खेळी आली नाही. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अर्जुन पुरस्काराच्या यादीतही त्यांचे नाव नाही. १७ मार्च १९८० रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

गुणवत्तेला पहिली संधी व्यक्तीच्या कष्टाने मिळते. दुसरी मात्र भोवतालच्या व्यवस्थेने द्यावी लागते. परदेशात कारकीर्द घडवणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना हा फरक अनुभवाने कळलेला आहे. नेव्हिल यांच्या काळातील मुंबईने त्यांना खेळण्यापुरती जागा दिली, खेळानंतरची नाही. शनिवारच्या सरावाला मुलांना सोडताना त्या चार गोलांची हकिगत सांगायला गाडीतली दहा मिनिटे पुरतील. त्यांना ती कथा वाटेल, आपल्यासाठी मात्र ती एका न फेडलेल्या ऋणाची नोंद आहे.