नभोवाणीच्या प्रारंभकाळाचे एक शिल्पकार : सर सुलतान चिनॉय

समाजाच्या स्मरणिकेत बहुधा आपल्याच ज्ञातीतील थोर पुरुषांची चरित्रे छापली जातात आणि ते योग्यच आहे. तथापि, ज्यांच्या कर्तृत्वाचा लाभ सर्वांनाच झाला, अशा ज्ञातीबाहेरील पुरुषांची ओळखही आपल्या मुलाबाळांस असावी, या हेतूने यंदा एका विस्मृत गृहस्थाचे चरित्र यथामति सादर करीत आहे. आपली दुधनी ही व्यापाऱ्यांची पेठ आहे. धंद्यात पैसा घालावा की न घालावा, घातलेला पैसा परत येईल की बुडेल, हा विचार येथील घरोघरी नित्य चाललेला असतो. ज्यांच्या हातून एक उद्योग भरभराटीस आला आणि दुसरा तीन वर्षांच्या आत बुडाला, पण बुडालेल्या उद्योगातूनच देशाच्या नभोवाणीचा वृक्ष वाढला, असे हे गृहस्थ म्हणजे मुंबईचे १९३८ सालचे महापौर सर सुलतान मेहेरअली चिनॉय हे होत.

सुलतान चिनॉय यांचा जन्म १८८५ साली मुंबईच्या एका खोजा व्यापारी घराण्यात झाला. चीन देशाशी चालणाऱ्या व्यापाराची खूण त्यांच्या आडनावातच आहे. घरची पेढी एफ. एम. चिनॉय आणि कंपनी या नावाने चालत असे. सुलतान व त्यांचे बंधू रहिमतुल्ला या दोघांनी वडिलोपार्जित व्यापारावर संतुष्ट न राहता नवनव्या धंद्यांत लक्ष घातले. मोटारगाडी ही चीज हिंदुस्थानात नवलाईची होती, रस्त्यात ती उभी राहिली की भोवती बघ्यांची गर्दी जमे, त्या काळात या बंधूंनी बॉम्बे गॅरेज नावाची मोटारविक्रीची संस्था नावारूपास आणली. लोकांना जी वस्तू श्रीमंतांचे खेळणे वाटते, तीच उद्या गरजेची होणार, हे ओळखण्याची दृष्टी त्यांच्या ठायी होती. याच दृष्टीने ते पुढे बिनतारी संदेशाच्या उद्योगाकडे वळले.

या उद्योगाचे महत्त्व कळण्यासाठी तत्पूर्वीची स्थिती ध्यानी घेतली पाहिजे. १८७० साली समुद्राच्या तळाशी टाकलेली तार मुंबईस येऊन पोहोचली आणि तेव्हापासून विलायतेशी होणारा तारेचा व्यवहार या समुद्रतारांवर चालू लागला. त्या तारा परदेशी कंपनीच्या ताब्यात होत्या. कापसाचा भाव असो की सोन्याचा, परदेशातील बाजाराची वार्ता तिच्या मार्गाने व तिच्या दराने येई. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकानंतर मार्कोनी कंपनीने लघुलहरींचे नवे तंत्र सिद्ध केले. कंदिलाच्या मागे आरसा बसविला म्हणजे त्याचा उजेड चहूकडे न पांगता एकाच दिशेस झोत होऊन जातो. त्याचप्रमाणे बिनतारी लहरींचा झोत करून तो हजारो मैलांवरील एकाच ठिकाणी नेमका धाडावयाचा, असे हे तंत्र होते. शक्ती कमी लागे, खर्च कमी होई आणि वेग अधिक मिळे.

हे तंत्र हिंदुस्थानात आणण्यासाठी मुंबईस इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी स्थापन झाली. सर इब्राहिम रहिमतुल्ला तिचे अध्यक्ष होते आणि तिच्या उभारणीत सुलतान चिनॉय यांचा पुढाकार होता. आपल्याकडील मंडळी पुण्यास जाताना दौंडला चहा घेतात, पण या गावाचा बिनतारी संदेशाच्या इतिहासाशी संबंध आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असेल. या कंपनीचे संदेश धाडण्याचे केंद्र पुण्याजवळ खडकीस होते आणि विलायतेहून येणारे संदेश झेलण्याचे केंद्र दौंडला होते. दोन्ही केंद्रे एका जागी ठेवली तर धाडणाऱ्या यंत्राच्या जोरापुढे दुरून येणारा क्षीण संदेश ऐकू येत नाही, म्हणून ती दूर ठेवावी लागतात. शेजारी बँड वाजत असता दूरची हाक ऐकू येत नाही, तसाच हा प्रकार होय. दि. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन व बादशहा पंचम जॉर्ज यांच्यात शुभेच्छांची देवाणघेवाण होऊन या सेवेचे उद्घाटन झाले.

त्याच दिवशी मुंबईस आणखी एक उद्घाटन झाले. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या नव्या कंपनीचे मुंबई येथील ध्वनिक्षेपण केंद्र लॉर्ड आयर्विन यांच्याच हस्ते सुरू झाले. पाठोपाठ २६ ऑगस्ट रोजी कलकत्त्याचे केंद्र सुरू झाले. तत्पूर्वी मुंबई, कलकत्ता, मद्रास येथील हौशी लोकांच्या रेडिओ क्लबांनी लहान यंत्रांवर कार्यक्रम केले होते. पण धंदा म्हणून नियमित नभोवाणी चालविण्याचा देशातील हा पहिला मोठा प्रयत्न होता. या कंपनीचेही अध्यक्ष सर इब्राहिम रहिमतुल्ला हेच होते आणि चालक मंडळींत सुलतान चिनॉय होते. भागधारकांत इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी आणि हैदराबादचे राजा धनराजगिरजी नरसिंगगिरजी हे प्रमुख होते. नरसिंगगिरजी हे नाव सोलापूरकरांस तेथील कापडगिरणीमुळे चांगलेच परिचित आहे. पंधरा लाखांचे भांडवल योजिले होते. त्यापैकी सहा लाखच जमा झाले. बी. बी. सी. तून आलेले एरिक डन्स्टन हे व्यवस्थापक म्हणून काम पाहू लागले.

येथून पुढे अडचणींस आरंभ झाला. केंद्रांची शक्ती अवघी दीड किलोवॅट; शहर आणि त्याच्या भोवतालचा काही मैलांचा टापू एवढ्यातच आवाज नीट ऐकू जाई. दुधनीसारख्या गावास तो ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. रेडिओयंत्रे परदेशी व महाग. ऐकणाऱ्यास वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे आणि त्यातील आठ रुपये कंपनीस मिळत. बाहेरून येणाऱ्या यंत्रांच्या किमतीवर शेकडा दहा आकारण्याचीही मुभा होती. पण यंत्रे घेऊन परवाना न काढणारे पुष्कळ निघाले आणि यंत्रांवरील आकारही नीट वसूल होईना. रेडिओचा परवाना पोस्टात भरण्याची पद्धत १९८० च्या दशकापर्यंत चालू होती, त्यामुळे आपल्यातील वडीलधाऱ्यांस तिची आठवण असेल. तो चुकविणारे महाभाग तेव्हाही होते. सारांश, परवान्यांची संख्या सारे करूनही आठ हजारांच्या घरात गेली नाही. एवढ्या श्रोत्यांवर दोन केंद्रांचा खर्च कसा चालावा? दि. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

व्यापारी भाषेत बोलावयाचे तर हा उद्योग साफ बुडाला. परंतु सुरू झालेला आवाज एकदम बंद होऊ देणे कोणासच रुचले नाही. लोकांच्या व व्यापाऱ्यांच्या आग्रहावरून सरकारने १ एप्रिल १९३० पासून दोन्ही केंद्रे आपल्याकडे घेतली. मंदीमुळे १९३१ च्या अखेरीस सरकारनेही ती बंद करण्याचे ठरविले, पण ओरड होताच निर्णय फिरवावा लागला आणि १९३२ च्या मे महिन्यात सेवा कायम ठेवण्याचे ठरले. १९३६ च्या जूनमध्ये या सेवेस ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. शेतकऱ्यांस हवामान सांगणारी, मुलांस गोष्टी सांगणारी, रात्री बातम्या देणारी जी आकाशवाणी आपण जन्मभर ऐकली, तिचे मूळ मुंबई-कलकत्त्याच्या या बुडीत कंपनीत आहे. चिनॉय आणि त्यांचे सहकारी यांनी पैसा घातला नसता, तर हे काम आणखी किती वर्षे खोळंबले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसऱ्या उद्योगाचे दैव निराळे निघाले. बिनतारी संदेशाची सेवा स्वस्त व जलद असल्यामुळे समुद्रतारांचा व्यवसाय मागे पडू लागला आणि अखेरीस १९३२ साली दोहोंचे एकत्रीकरण होऊन इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी अस्तित्वात आली. एकाच माणसाने, एकाच काळी, एकाच शास्त्राच्या आधारे हाती घेतलेली ही दोन कामे. एक तरले, एक बुडाले. संदेश धाडणारा व्यापारी प्रत्येक शब्दाचे दाम मोजत असे. आकाशात सोडलेले गाणे मात्र कोणीही फुकट ऐकू शकत होता. दोहोंतील अंतर एवढेच होते. म्हणूनच जे सर्वांसाठी असते ते केवळ नफ्यावर चालत नाही, त्यास समाजाचा किंवा सरकारचा आधार लागतो, हा धडा या इतिहासातून मिळतो.

१९३८ साली सुलतान चिनॉय मुंबईचे महापौर झाले. मुंबईच्या नगरपालिकेतील अध्यक्षास महापौर हे नाव १९३१ पासून मिळाले होते. हा मान वर्षाचा असे आणि निरनिराळ्या धर्मांच्या सभासदांस तो आळीपाळीने मिळत असे. १८८८ च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्ताच्या हाती दिलेली असल्यामुळे महापौरास हुकूम सोडण्याची सत्ता थोडीच. सभा चालवावी, शहराच्या वतीने पाहुण्यांचे स्वागत करावे, संकटकाळी शहराच्या वतीने बोलावे, हे त्याचे काम. म्हणजे महापौर हा नगराचा हात नसून नगराचा आवाज होय! देशात आवाज दूरवर पोहोचविण्याचे साधन उभारण्यात ज्याने भाग घेतला, त्यासच नगराचा आवाज होण्याचा मान मिळाला, हा योग मोठा सुंदर आहे. याच सुमारास त्यांना सर हा किताबही मिळाला.

त्याच काळात अमेरिकेत न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया हे होते. त्या शहराच्या नगरपालिकेचे स्वतःचे नभोवाणी केंद्र १९२४ पासून चालू होते. १९४५ च्या जुलैत वर्तमानपत्रे वाटणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा या महापौरांनी मुलांसाठी पत्रांतील चित्रकथा नभोवाणीवरून वाचून दाखविल्या. आपल्याकडे नभोवाणी मध्यवर्ती सरकारच्या हाती होती आणि मुंबईच्या महापौरापाशी असे नगराचे केंद्र नव्हते. ज्याने विहीर खणण्यास हात लावला, त्याच्या हाती पोहरा मात्र राहिला नव्हता. विहिरीवर सारे गाव पाणी भरते, तेव्हा ती कोणी खणली हे विचारण्याची आठवण कोणास राहते?

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १ जानेवारी १९४७ रोजी, रेडिओ अँड केबल कंपनी सरकारने आपल्या ताब्यात घेतली आणि तिचे ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस हे सरकारी खाते झाले. १९८६ साली त्यातूनच विदेश संचार निगम जन्मास आले. अशा रीतीने चिनॉय यांनी पुढाकार घेतलेली दोन्ही कामे, तरलेले आणि बुडालेले, अखेर राष्ट्राच्या स्वाधीन झाली. १९६२ साली त्यांनी आपल्या उद्योगजीवनाची हकीकत सांगणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. १९६८ साली त्यांचे निधन झाले.

आज खिशातील दूरध्वनीवर जगाची बातमी क्षणात येते आणि आडतीवर बसल्या बसल्या दूरच्या बाजाराचा तुरीचा भाव कळतो. ही सोय आपोआप झालेली नाही. तिच्यामागे अनेकांचे श्रम, अनेकांची बुडीत खाती आणि काहींची दूरदृष्टी आहे. आपल्या समाजातील तरुण नव्या धंद्यात पडू पाहतात, तेव्हा घरातील वडीलमाणसे त्यांना भीती घालतात. सावधगिरी हवीच. पण हिशेबाच्या वहीत जे बुडीत म्हणून लिहिले जाते, ते समाजाच्या वहीत कित्येकदा जमेस धरले जाते, हे विसरू नये. एवढे ध्यानी ठेवून आपल्या मुलांपैकी कोणी नवे धाडस करील आणि त्यास समाजाचा हात लाभेल, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी समजेन.