दुष्काळाने आई-वडील नेले, श्रद्धाही मोडली. मग पंडिता रमाबाई देवावर विसंबून कशा राहिल्या?

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव हे स्टेशन आहे. इथली ‘मुक्ती मिशन’ ही संस्था सव्वाशे वर्षांहून अधिक काळ निराधार महिला आणि मुलांना आसरा देत आहे. ती उभारणाऱ्या पंडिता रमाबाई आपल्याला समाजसुधारक आणि संस्कृत विदुषी म्हणून माहीत असतात. पण वयाची 24 वर्षं पूर्ण होण्याआधीच त्यांनी आई, वडील, बहीण, भाऊ आणि नवरा गमावले होते. तरीही आयुष्याच्या शेवटापर्यंत त्या देवाचे आभार मानत राहिल्या. हे कसं घडलं, ते जाणून घेऊया.

श्रद्धा आधी मोडली ती कशी?

रमाबाईंचा जन्म 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं. पुढे आईनेच रमाबाईंना शिकवलं. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, देवळांत पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. मिळेल त्यातून दानधर्म व्हायचा आणि व्रतवैकल्यांत कधी खंड पडत नसे.

1870 च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं आणि जंगलातला पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. वडील जलसमाधी घ्यायला निघाले होते. तेव्हा थोरले भाऊ श्रीनिवास पडेल ते काम करायला तयार झाले आणि वडील थांबले. पण थोड्याच दिवसांत ते गेले. त्यांच्यामागे आई आणि नंतर बहीणही गेली.

उरलेली दोघं भावंडं हजारो मैल पायी चालली. सगळे नियम पाळूनही घर असं का उद्ध्वस्त झालं, याचं उत्तर त्यांना मिळालं नाही. परंपरेवरचा रमाबाईंचा विश्वास या प्रवासात ढासळला.

कोलकात्यात मान मिळाला, पुढे काय?

1878 मध्ये ही भावंडं कोलकात्याला पोहोचली. 20 वर्षांच्या या तरुणीचं संस्कृत ऐकून तिथले विद्वान थक्क झाले. त्यांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पण 1880 मध्ये श्रीनिवास वारले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधवी या बंगाली वकिलाशी आंतरजातीय विवाह केला. 1881 मध्ये मनोरमा जन्मली. 1882 च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने पती गेले, तेव्हा मुलगी एक वर्षाचीही नव्हती.

नवा विश्वास कुठे सापडला?

त्याच वर्षी रमाबाई पुण्याला आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. 1883 मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने डॉक्टर होण्याचं स्वप्न मात्र सोडावं लागलं.

समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांना तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळत होत्या. ते पाहून रमाबाई हलल्या. आपली श्रद्धा कुठे रुजू शकते, हे त्यांना तिथे दिसलं. सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रश्न विचारणं सोडलं नाही. चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्या धर्मतत्त्वांवर वाद घालत राहिल्या. मांसाहारही त्यांनी स्वीकारला नाही.

पुण्यात विरोध का झाला?

अमेरिकेत निधी जमवून रमाबाईंनी 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केलं. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे याच शाळेच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. नंतर शाळा पुण्याला आली.

मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात असल्याच्या आरोपावरून 1893 मध्ये मोठं वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंनी शाळा बंद केली नाही.

दुष्काळ पुन्हा आला तेव्हा?

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी इथे लागली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. भुकेने माणूस कसा मरतो, हे रमाबाईंनी आपल्याच घरात पाहिलं होतं. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे 300 मुली-स्त्रियांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती. त्यामुळे केडगावच्या माळावर, शेतजमिनीत त्यांची सोय करण्यात आली. तंबू ठोकले, विहिरी खोदल्या आणि ‘मुक्ती’ उभी राहिली.

1900 च्या गुजरातमधल्या दुष्काळानंतर इथली संख्या सुमारे 2,000 वर गेली. एवढ्या जणींच्या जेवणासाठी कायमचं, ठरलेलं उत्पन्न नव्हतं. दिवस प्रार्थनेने सुरू व्हायचा आणि लगेच शेती, विणकाम, छापखाना अशी कामं सुरू व्हायची. अंध मुलींना ब्रेल शिकवलं जाई. 1905 मध्ये तर शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना आणि स्तुती करत. त्यांच्यातल्या अनेक जणी स्वतः दुष्काळातून वाचलेल्या होत्या.

शेवटची वर्षं कशी गेली?

ऐकू येणं जवळपास थांबलं होतं. तरी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करायला घेतलं. त्याची जुळणी आणि छपाई मुक्तीतल्या स्त्रियाच करत होत्या. 1921 मध्ये चाळिशीतली मनोरमा वारली. सगळं काम जिच्या हाती सोपवायचं, तीच गेली. तरीही रमाबाई भाषांतराला बसत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचं निधन झालं. 1989 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

ही गोष्ट आज का वाचायची?

आई-वडील का गेले, याचं उत्तर रमाबाईंना शेवटपर्यंत मिळालं असं नाही. श्रद्धा असली की संकट येत नाही, असंही त्यांचं आयुष्य सांगत नाही. पहिल्या दुष्काळात त्यांच्या कुटुंबाला हात द्यायला कोणी आलं नव्हतं. वीस वर्षांनी दुष्काळ परत आला, तेव्हा दुसऱ्यांच्या मुलींसाठी त्या स्वतः गेल्या. देवावर विसंबणं म्हणजे काय, हे त्यांनी असं करून दाखवलं.