मंडळीत स्त्रियांनी उगे राहावे काय? पंडिता रमाबाईंच्या चरित्रावरून थोडा विचार

गेल्या पावसाळ्यात मुलुंडकडील एका लहान मंडळीत उपासनेस जाण्याचा योग आम्हांस आला. शास्त्रपाठ वाचणारा भाऊ तापाने आजारी असल्यामुळे एका विधवा बहिणीस वाचावयास उभे करण्यात आले. तिचे वाचन शुद्ध व स्पष्ट चालले असता पुढे बसलेल्या एका वृद्ध वडिलांनी हात वर करून तिला थांबविले, व प्रेषित पौलाने स्त्रियांस मंडळीत उगे राहावयास सांगितले आहे, याची सर्वांस आठवण दिली. बहीण पुस्तक मिटून खाली बसली. उरलेला पाठ आम्ही पुरा केला व त्या वेळी काही बोललो नाही, ही गोष्ट तेव्हापासून आमच्या मनास टोचत आहे. खेड्यापाड्यांतील उपदेशक बंधूही हाच प्रश्न आम्हांस वारंवार विचारतात. म्हणून ज्या बाईच्या चरित्रात या वचनाचा खरा अर्थ शोधण्यास पुष्कळ साहाय्य मिळते, तिचे चरित्र आज थोडक्यात सांगावयाचे योजिले आहे.

पंडिता रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी कर्नाटकातील गंगामूळ येथील अरण्यात झाला. अरण्यात का, तर त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीस संस्कृत शिकविण्याचे धाडस केले होते. स्त्रीच्या मुखात देववाणी जावी हे आप्तांस व पंडितांस रुचले नाही. तेव्हा शास्त्रीबोवा पत्नीसह रानात जाऊन राहिले, व आपले करणे शास्त्रविरुद्ध नाही हे त्यांनी शास्त्राच्याच आधारे सिद्ध करून दाखविले. पुढे त्याच मातेने रमाबाईंस भागवत मुखोद्गत करविले. धर्मग्रंथातील एखादे वाक्य पुढे करून बाईचे तोंड बंद करता येते, हे रमाबाई जणू पाळण्यातच शिकल्या. आणि तोच ग्रंथ नीट वाचला तर ते तोंड उघडतेही, हेदेखील त्यांनी आपल्याच घरी पाहिले.

1874 साली व त्यानंतरच्या दुष्काळाच्या दिवसांत आई, वडील व वडील बहीण ही तिघे अन्नावाचून मरण पावली. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी प्रवास करीत 1878 साली कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रीधर्मावर व्याख्याने द्यावी म्हणून त्यांनी धर्मशास्त्रे वाचावयास घेतली, तेव्हा त्यांस असे आढळले की इतर सर्व बाबतींत ते ग्रंथ एकमेकांविरुद्ध बोलतात, परंतु स्त्री व शूद्र यांस हीन लेखण्यात मात्र सर्वांचे एकमत आहे. या शोधाने त्यांच्या श्रद्धेचा पायाच हलला.

1880 साली बंधू वारले. त्याच वर्षी बाबू बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला, व 1882 च्या आरंभी त्या विधवा झाल्या. कन्या मनोरमा तेव्हा वर्षाचीही झाली नव्हती. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढिला, सरकारच्या शिक्षण कमिशनापुढे साक्ष दिली, आणि 1883 साली त्या विलायतेस गेल्या. तेथे वाँटेज गावी 29 सप्टेंबर 1883 रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

त्यांचे मन प्रभूकडे कशामुळे वळले, हे आमच्या विषयास फार जवळचे आहे. लंडनजवळ फुलहॅम येथे वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम होता. तेथील भगिनी अशा स्त्रियांची ममतेने सेवा करीत असलेल्या पाहून रमाबाईंनी त्याचे कारण विचारिले. तेव्हा एका भगिनीने त्यांस योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. ज्या स्त्रीशी बोलणे शिष्यांसही नवल वाटले, तिलाच प्रभूने खऱ्या उपासनेचे रहस्य सांगितले. आणि वाचकांनी त्या अध्यायाचा शेवटही पाहावा. ती घागर टाकून नगरात धावली, तेथील लोकांस तिने प्रभूविषयी सांगितले, व तिच्या शब्दावरून पुष्कळांनी विश्वास ठेविला. तिला कोणीही उगी राहा म्हटले नाही.

परंतु ख्रिस्ती लोकांतही रमाबाईंस हा अडथळा चुकला नाही. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयात त्या राहत असता, तेथील मुख्याध्यापिका मिस बील यांनी त्यांजकडून पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचे मनात आणिले. हे कळताच मुंबई व लाहोर येथील बिशपांनी हरकत घेतली. तरुण पुरुषांस शिकविले असे कळल्यास स्वदेशात या बाईचे वजन नाहीसे होईल, असे कारण पुढे करण्यात आले. रमाबाईंस याचा फार विस्मय वाटला, व तो योग्यच होता. बंधूंसमवेत देशभर हिंडत असता भरल्या सभांतून पुरुषांपुढे त्या कितीतरी वर्षे बोलत आल्या होत्या. हिंदू पंडितांनी ज्यांचे भाषण ऐकून पदव्या दिल्या, त्यांनी ख्रिस्ती झाल्यावर गप्प बसावे काय? ते बिशप धार्मिक गृहस्थ होते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु लोकलज्जा आणि प्रभूची आज्ञा या दोन वस्तू भिन्न आहेत.

आता त्या वचनाकडे वळू. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात उगे राहण्याची आज्ञा एकदा नव्हे, तर तीनदा आली आहे, व मूळ ग्रीक भाषेत तिन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. अन्य भाषा बोलणाऱ्याने, अर्थ सांगणारा कोणी नसेल तर उगे राहावे. संदेश देणाऱ्याने, दुसऱ्यास प्रकटीकरण झाले तर उगे राहावे. आणि तिसऱ्या ठिकाणी स्त्रियांचे नाव आहे. पहिल्या दोन आज्ञांवरून संदेष्ट्याने जन्मभर मुके राहावे, असा अर्थ आजवर कोणी काढिलेला आम्ही ऐकिला नाही. मग तिसरीवरूनच तसा अर्थ का काढावा? काही शिकावयाचे असेल तर घरी नवऱ्यास विचारावे, असे प्रेषित पुढे लिहितो. यावरून तेथे सभेत मध्येच प्रश्न विचारून गोंधळ होत असावा, असे आम्हांस दिसते. त्या अध्यायाचा सारा रोख सुव्यवस्थेवर आहे.

याहून बळकट आधार त्याच पत्रात तीन पाने मागे आहे. अकराव्या अध्यायात स्त्रीने प्रार्थना करताना किंवा संदेश देताना मस्तक आच्छादावे असे पौल लिहितो. जिने बोलूच नये तिला, बोलताना पदर घे, असे कोण सांगेल? शिवाय रोमकरांस लिहिताना तो कंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करितो. अपुल्लोसारख्या वक्त्यास प्रभूचा मार्ग अधिक नीट समजावून देणाऱ्यांत अक्विलाबरोबर प्रिस्किल्लाही होती, आणि फिलिप्पाच्या चार कन्या संदेश देत असत. हे सर्व एका वचनाखाली पुरून टाकणे म्हणजे एका दगडाने आडातले पाणी झाकण्यासारखे होय.

रमाबाईंनी या प्रश्नाचे उत्तर वादाने कमी व कामाने अधिक दिले. 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा प्रतिनिधी म्हणून आलेल्या थोड्या स्त्रियांत त्या होत्या. पुढे सदन पुण्यास गेले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतातून शेकडो निराधार मुली आणिल्या, व केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. 1905 साली तेथे मोठी आत्मिक जागृती झाली, तेव्हा ज्यांस घरच्या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मोकळीक नव्हती अशा मुली टोळ्यांनी आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगत हिंडल्या.

शेवटची काही वर्षे त्यांनी पवित्र शास्त्राच्या भाषांतरास वाहिली. प्रचलित मराठी शास्त्राची भाषा खेड्यातील अशिक्षित बाईस कळत नाही, हे त्यांच्या जिवास लागले होते. ज्यांस संस्कृतातील पदव्या मिळाल्या होत्या त्याच बाईंनी संस्कृत शब्द निवडून काढून साध्या मराठीत लिहावे, हे त्यांच्या नम्रतेचे लक्षण आम्ही समजतो. त्यासाठी त्या उतारवयात इब्री व ग्रीक शिकल्या. 1921 साली मनोरमाबाई निवर्तल्या, तरी काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेविला, तेव्हा भाषांतर पुरे झाले होते. सबंध ग्रंथ 1924 साली प्रसिद्ध झाला. तो मुक्तीच्याच छापखान्यात छापिला गेला, व तेथे काम करणाऱ्या स्त्रियाच होत्या. म्हणजे करिंथकरांस पत्राचा तो चौदावा अध्यायही स्त्रीनेच भाषांतरिला, आणि त्याचे खिळेही स्त्रियांच्याच बोटांनी जुळविले गेले.

मुलुंडच्या त्या वृद्ध वडिलांकडे आम्ही पुढे एकदा जाऊन बसलो, व अकरावा अध्याय त्यांस वाचून दाखविला. त्यांनी चष्मा पुसून तो स्वतः दोनदा वाचिला, व विचार करून सांगतो एवढेच म्हणाले. त्या बहिणीचे नाव पुढील महिन्याच्या शास्त्रपाठाच्या यादीत पाळकांनी घातले आहे.