बाळू पालवणकर

बाळू बाबाजी पालवणकर (१९ मार्च, १८७६:धारवाड – ४ जुलै, १९५५:मुंबई) हे भारतीय क्रिकेटपटू व राजकीय कार्यकर्ते होते. क्रिकेटविश्वात ते पी. बाळू या नावाने ओळखले जात. डावखुऱ्या मंदगती फिरकी गोलंदाजीमुळे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्यांची गणना देशातील अग्रगण्य गोलंदाजांत होत असे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातून येऊन राष्ट्रीय कीर्ती मिळवणारे ते पहिले भारतीय क्रीडापटू मानले जातात. मुंबईतील प्रभादेवी येथील पी. बाळू मार्ग त्यांच्या नावाचा आहे.

जन्म आणि बालपण

पालवणकरांचा जन्म चर्मकार समाजात झाला. कोकणातील पालवण या मूळ गावावरून घराण्यास हे आडनाव मिळाले. वडील लष्करी सेवेत असल्यामुळे कुटुंबाचे वास्तव्य पुण्यात होते. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम क्रिकेट शिकले. पुढे शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिघेही बंधू हिंदू संघाकडून खेळले.

पुण्यातील कारकीर्द

पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडणे व तिच्यावरून रूळ फिरवणे या कामासाठी त्यांना दरमहा ३ रुपये पगार होता. सुमारे १८९२ साली ते युरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपये पगारावर रुजू झाले. तेथे खेळपट्टी आखणे, जाळी उभारणे, टेनिसचे पट्टे ओढणे ही कामे त्यांच्याकडे होती. सरावाच्या वेळी सदस्यांना चेंडू टाकता टाकता त्यांची गोलंदाजी घडत गेली. त्या काळचे नामांकित फलंदाज कॅप्टन जे. जी. ग्रेग त्यांच्या गोलंदाजीवर रोज सराव करीत आणि आपण बाद झालो की त्यांना आठ आणे देत, असे सांगतात. फलंदाजी मात्र साहेबांनी करायची आणि नोकराने केवळ चेंडू टाकायचे, असा तेथला रिवाज असल्याने त्यांना बॅट हाती धरण्याची संधी क्लबात मिळाली नाही.

पुण्यातील हिंदू क्लबास युरोपियनांशी सामना खेळायचा होता. त्यासाठी पालवणकरांना संघात घ्यावे की नाही, यावर सभासदांत मतभेद झाले. अखेर जिंकण्याची ईर्ष्या रूढीहून प्रबळ ठरली व त्यांची निवड झाली. मैदानावर सवर्ण खेळाडू त्यांनी हाताळलेला चेंडू हाताळीत. परंतु चहापानाच्या वेळी त्यांना तंबूच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई आणि जेवणाचे ताटही वेगळे असे. साताऱ्याच्या सामन्यातील विजयानंतर न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या विसंगतीवर जाहीरपणे बोट ठेवले. ज्याच्याबरोबर खेळता येते त्याच्याबरोबर चहापान व भोजन का करता येऊ नये, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

मुंबईतील कारकीर्द

पुण्यात प्लेगची साथ पसरल्यानंतर पालवणकर मुंबईस आले. येथे ते परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांनी नोकरी केली व तिच्या संघाकडूनही ते खेळले.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत झालेल्या सामन्यात हिंदू संघाने युरोपियन संघाचा १०९ धावांनी पराभव केला. हिंदूंनी २४२ व १६०, तर युरोपियनांनी १९१ व १०२ धावा केल्या. या विजयात पालवणकरांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. वंगभंगाच्या चळवळीने देश ढवळून निघालेला असताना मिळालेल्या या विजयास क्रीडांगणापलीकडचा अर्थ प्राप्त झाला. १९०७ साली पारशी संघाच्या सहभागाने तिरंगी व १९१२ साली मुसलमान संघाच्या सहभागाने चौरंगी सामने सुरू झाले. या सामन्यांत पालवणकर दीर्घकाळ हिंदू संघाचे प्रमुख गोलंदाज होते.

इंग्लंड दौरा (१९११)

पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली १९११ साली अखिल भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. संघाची एकूण कामगिरी निराशाजनक ठरली; पालवणकरांची मात्र उज्ज्वल होती. सर्व सामने मिळून त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांपैकी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील बळींची संख्या ७५ होती. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध त्यांनी एका डावात १०३ धावांत ८ बळी मिळवले. बंधू शिवराम हेही या दौऱ्यावर होते. मायदेशी परतल्यावर मुंबईत दलित समाजातर्फे पालवणकरांचा सत्कार करण्यात आला. त्या प्रसंगीचे मानपत्र एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असलेल्या भीमराव आंबेडकर यांनी लिहिले होते, असे सांगितले जाते.

कर्णधारपदाचा प्रश्न

ज्येष्ठता व कर्तृत्व असूनही पालवणकरांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही रीतसर मिळाले नाही. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतः हा मान पालवणकरांचा असल्याचे बोलून दाखवले होते. १९२० साली पालवणकरांना संघातून वगळण्यात आले आणि पै यांच्या अनुपस्थितीत विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांच्याकडे नेतृत्व देण्यात आले. याच्या निषेधार्थ विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली. या घटनेची वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. पुढील सामन्यासाठी तिन्ही बंधू परतले व पालवणकरांना उपकर्णधार नेमण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर राहिल्याने संघाची सूत्रे पालवणकरांनी सांभाळली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्या वर्षीचे चौरंगी अजिंक्यपद हिंदू संघाने पटकावले. थोरल्या भावास नाकारलेला मान अशा रीतीने धाकट्याला मिळाला. विठ्ठल यांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे मराठी आत्मचरित्र १९४८ साली प्रसिद्ध झाले.

आकडेवारी

पालवणकरांनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळून १५.२१ च्या सरासरीने १७९ बळी घेतले. फलंदाजीत त्यांनी १३.६९ च्या सरासरीने ७५३ धावा केल्या. भारताने पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. त्यामुळे त्यांना कसोटी क्रिकेट खेळता आले नाही.

राजकीय कार्य

निवृत्तीनंतर पालवणकर राजकारणात उतरले. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ असावेत, ही डॉ. आंबेडकरांची मागणी त्यांना मान्य नव्हती. सप्टेंबर १९३२ मधील पुणे करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत त्यांचा समावेश होता. मुंबई महापालिकेची निवडणूक ते हिंदू महासभेतर्फे लढले. परंतु पराभूत झाले. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांविरुद्ध उमेदवारी दिली. एकेकाळी परस्परांविषयी आदर बाळगणाऱ्या या दोन व्यक्ती मुंबईच्या कामगार वस्तीत एकमेकांसमोर उभ्या राहिल्या. डॉ. आंबेडकरांना १३,२४५, तर पालवणकरांना ११,२२५ मते पडली.

मृत्यू आणि वारसा

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत पालवणकरांचे निधन झाले. धर्मानुसार संघ पाडणारे पंचरंगी सामने १९४६ मध्ये बंद झाले आणि त्यांच्याबरोबर त्या सामन्यांतील खेळाडूंची नावेही लोकस्मृतीतून मागे पडली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पालवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान दिले. त्यानंतर त्यांच्या कर्तृत्वाकडे अभ्यासकांचे नव्याने लक्ष वेधले गेले.