‘ज्युरासिक पार्क’च्या १०० वर्षं आधी प्राण्यांना माणूस बनवणारं बेट लिहिणारा लेखक कोण होता?

एक एकाकी बेट, तिथे चाललेला गुप्त प्रयोग, प्रयोगातून तयार झालेले प्राणी आणि मग हाताबाहेर गेलेली परिस्थिती. हे वाचून तुम्हाला १९९३ चा ‘ज्युरासिक पार्क’ आठवला असेल. पण असं एक बेट त्याच्या जवळपास १०० वर्षं आधी एका इंग्रज लेखकानं कागदावर उभं केलं होतं.

पुस्तकाचं नाव होतं ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’, साल १८९६ आणि लेखक हर्बर्ट जॉर्ज वेल्स, म्हणजेच एच. जी. वेल्स. तेव्हा ‘जीन’ हा शब्दसुद्धा जन्माला आला नव्हता. तो आला १९०९ मध्ये.

कापडाच्या दुकानातून प्रयोगशाळेत

वेल्सचा जन्म २१ सप्टेंबर १८६६ रोजी इंग्लंडमधल्या ब्रॉमली गावात झाला. वडील जोसेफ काचसामान आणि चिनी मातीच्या भांड्यांचं छोटं दुकान चालवायचे, पण त्यांचा जीव क्रिकेटमध्ये. १८६२ मध्ये केंटकडून खेळताना त्यांनी ससेक्सच्या ४ फलंदाजांना सलग ४ चेंडूंवर बाद केलं होतं.

दुकान मात्र कधी नीट चाललं नाही. पुढे वडिलांचा पाय मोडला, क्रिकेटची कमाई बंद झाली. आई सारा एका श्रीमंत घराण्याच्या वाड्यात हाउसकीपर म्हणून कामाला गेली आणि मुलाला कापडाच्या दुकानात उमेदवारीला पाठवलं. दिवसाला सुमारे १३ तास काम, रात्री इतर पोरांसोबत एकाच खोलीत झोप. वेल्सला ते आयुष्य असह्य झालं. आईच्या मागे लागून त्यानं तिथून सुटका करून घेतली आणि तो एका शाळेत विद्यार्थी-शिक्षक झाला.

१८८४ मध्ये त्याला लंडनच्या नॉर्मल स्कूल ऑफ सायन्सची शिष्यवृत्ती मिळाली. आठवड्याला फक्त एक गिनी. पोट भरायचं नाही, पण जीवशास्त्र शिकवायला होते टी. एच. हक्सले, म्हणजे डार्विनच्या उत्क्रांतीवादाचे सगळ्यात खंदे समर्थक. माणूस हा प्राण्यांपासून वेगळा, खास बनवलेला जीव नाही, ही गोष्ट वेल्सच्या डोक्यात पक्की बसली ती इथेच.

पुढची वाट सोपी नव्हती. शेवटच्या परीक्षेत तो नापास झाला आणि १८८७ मध्ये पदवीशिवाय बाहेर पडला. शिक्षकाची नोकरी करताना फुटबॉलच्या मैदानात मूत्रपिंडाला मार लागला. तरीही १८९० मध्ये त्यानं प्राणिशास्त्रात पदवी मिळवलीच. १८९३ मध्ये त्याचं जीवशास्त्राचं पाठ्यपुस्तक आलं. ससा आणि बेडूक कसे कापायचे, त्यांच्या शरीरात काय काय असतं, हे त्यात होतं. त्याच वर्षी तब्येत इतकी ढासळली की शिकवणं सोडून लिखाणावर जगणं भाग पडलं.

बेटावर नेमकं काय घडतं?

त्या काळी इंग्लंडमध्ये जिवंत प्राण्यांवरच्या शस्त्रक्रियांवरून मोठा वाद सुरू होता. १८७६ मध्ये त्यासाठी कायदाही झाला होता. १८९५ मध्ये वेल्सनं एक लेख लिहिला. जिवंत प्राण्याच्या शरीराला किती आकार देता येईल, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी त्याची कादंबरी झाली.

कथा अशी. जहाज बुडाल्यावर प्रेन्डिक नावाचा माणूस पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर पोहोचतो. तिथे लंडनमधून हाकललेला डॉक्टर मोरो प्राण्यांची चिरफाड करून, अवयव जोडून त्यांना माणसासारखं बनवत असतो. भूल न देता. त्यांनी चार पायांवर चालू नये, मांस खाऊ नये, असे नियम तो त्यांच्याकडून घोकून घेतो. शेवटी अर्धवट बदललेला एक प्यूमा साखळी तोडतो आणि मोरोचा जीव जातो. बाकीचे हळूहळू पुन्हा जनावरं होतात.

मोरो काही मूर्ख नाही, त्याचं तंत्रही बरंचसं जमलेलं आहे. चुकतं ते दुसरीकडेच. ज्यांच्या शरीरावर प्रयोग चाललाय, त्यांच्या वेदनेची त्याला पर्वा नाही आणि त्याला थांबवणारं बेटावर कोणी नाही. समीक्षकांना पुस्तक किळसवाणं वाटलं. १९३२ मध्ये त्यावर निघालेला सिनेमा ब्रिटनच्या सेन्सॉरनं १९५८ पर्यंत दाखवू दिला नाही.

१९०४ मध्ये वेल्सनं ‘द फूड ऑफ द गॉड्स’ लिहिली. त्यात दोन शास्त्रज्ञ वाढ प्रचंड करणारं अन्न शोधतात आणि कोंबड्यांवर वापरून बघतात. राखण करणाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे ते बाहेर पसरतं आणि राक्षसी गांधीलमाश्या, उंदीर मोकाट सुटतात.

आणि वेल्स स्वतःच मोरोच्या बाजूला जातो

इथे गोष्ट अवघड होते. १९०१ च्या ‘अँटिसिपेशन्स’ या पुस्तकात वेल्सनं भविष्यातल्या आदर्श जगाचं चित्र रंगवलं. कार्यक्षम नसलेल्या काळ्या, तपकिरी आणि पिवळ्या वर्णाच्या लोकांना त्या जगात जागा नव्हती. १९०४ मध्ये फ्रान्सिस गाल्टननं लंडनमध्ये सुप्रजननशास्त्रावर भाषण दिलं. ‘चांगल्या’ माणसांची निवड करून माणसाची जात सुधारायची, हा त्यामागचा विचार. चांगले निवडण्यापेक्षा ‘अपयशी’ लोकांची नसबंदी करावी, अशा अर्थाचं मत वेल्सनं तिथे मांडलं. ज्यानं मोरो लिहिला, तोच आता माणसांकडे प्रयोगाचं सामान म्हणून बघत होता.

मात्र तो तिथे थांबला नाही. १९०५ च्या ‘अ मॉडर्न युटोपिया’मध्ये त्यानं वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर टीका केली. १९३३ मध्ये नाझी जर्मनीनं सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला, त्याच वर्षी तिथे वेल्सची पुस्तकंही जाळली गेली. ब्रिटन जिंकल्यावर अटक करायच्या लोकांच्या नाझी यादीत त्याचं नाव होतं.

१९४० मध्ये वेल्सनं मानवी हक्कांचा मसुदा पुस्तकरूपात छापला. कोणाच्याही शरीराची कापाकाप किंवा नसबंदी त्याच्या स्वतःच्या खुल्या संमतीशिवाय करता येणार नाही, असं कलम त्यात होतं. म्हणजे १९०४ मधल्या स्वतःच्याच मताच्या अगदी उलट. त्यानं गांधीजींचंही मत मागवलं होतं. सुरुवात हक्कांऐवजी कर्तव्यांच्या सनदेनं करावी, असं गांधीजींनी कळवलं.

आज वेल्स का आठवायचा?

१३ ऑगस्ट १९४६ रोजी वेल्स गेला. डीएनएची रचना उलगडायला अजून ७ वर्षं होती. वेल्सला मधुमेह होता आणि १९३४ मध्ये ब्रिटनमध्ये मधुमेहींची संघटना उभी करण्यात त्याचा पुढाकार होता. त्याच मधुमेहावरचं, जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं मानवी इन्सुलिन १९८२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आज जगभरातले लाखो रुग्ण असं इन्सुलिन घेतात.

दुसरीकडे, २०१८ मध्ये चीनमधल्या एका शास्त्रज्ञानं जनुकं बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्याचं जाहीर केलं आणि जगभर खळबळ उडाली. पुढे त्याला तुरुंगवास झाला. त्या मुलींना हा बदल हवा होता का, हे विचारणं तर शक्यच नव्हतं.

जनुकं बदलण्याचं तंत्र दोन्हीकडे होतं. फरक होता तो कोणावर, कोणाच्या संमतीनं आणि कोणाच्या देखरेखीखाली, एवढाच. मोरोच्या बेटावर हे प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं आणि वेल्सला स्वतःला ते नीट विचारायला मोरोनंतर ४४ वर्षं लागली.